पैसे भरण्याआधी ‘कम्युनिटी लर्निंग’ची शहानिशा कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डेटा अ‍ॅनालिसिस शिकायचे आहे. एक प्लॅटफॉर्म पसंत पडला आहे. त्यात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आहेत, आठवड्याला एक लाइव्ह सेशन आहे, ‘दहा हजार शिकणाऱ्यांची कम्युनिटी’ आहे आणि शेवटी सर्टिफिकेट. वर्गणी वर्षाची एकदम भरायची, त्याआधी सात दिवसांचा ट्रायल. व्हिडिओ बरे वाटले, पण कम्युनिटीचा खरंच काही उपयोग होतो की तो नुसता गवगवा आहे, हे सात दिवसांत कसे ओळखायचे?

असे कोर्स आखणे आणि चालवणे हेच माझे काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओ तुम्ही स्वतः पाहिलेत, तो भाग सोडून देऊ. चांगले व्हिडिओ शोधले तर फुकटही मिळतात. जादा पैसे जातात ते दोन गोष्टींसाठी: अडकल्यावर कुणीतरी उत्तर द्यावे आणि केलेले काम कुणीतरी नीट वाचावे. तेव्हा तपासायचे ते हेच. नवख्या, अनोळखी माणसाने साधा प्रश्न टाकला तर त्याला किती वेळात, कुणाकडून आणि कितपत बरोबर उत्तर मिळते? हे मोजता येते आणि सात दिवस त्याला पुरतात.

मात्र काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. पाटी अगदी कोरी असेल, एसक्यूएलची (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची) एकही क्वेरी आजवर लिहिली नसेल, तर सोबतच्या विद्यार्थ्यांपेक्षा शिकवणाऱ्याची हजेरी जास्त मोलाची. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ची पद्धत रुजवली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि पुन्हा उत्तर द्यायचे. त्यातला व्यवहारी नियम असा, की पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली तरच वर्ग चर्चेला सोडायचा. त्याहून कमी आली तर शिक्षकाने विषय पुन्हा समजावायचा, कारण दुसऱ्याला समजावून सांगू शकतील अशी माणसेच वर्गात पुरेशी नसतात. ऑनलाइन ग्रुपलाही हाच हिशेब लागू आहे. सगळेच पहिल्या आठवड्यातले असतील तर गप्पा रंगतात, गैरसमज मात्र पक्के होतात. थोडेफार येत असेल आणि आता स्वतःचे प्रोजेक्ट करायचे असतील, तर कम्युनिटीचा सर्वांत जास्त फायदा तुम्हाला होईल. आणि आठवड्याला जेमतेम तीन तास निघत असतील तर ते व्हिडिओ आणि सराव यांतच संपतील. कम्युनिटीसाठी वेगळे दोन-तीन तास धरावे लागतात. ते निघणार नसतील तर साधा रेकॉर्डेड कोर्स घ्या, पैसे वाचतील.

आता प्रत्यक्ष तपासणी. ट्रायलच्या पहिल्याच दिवशी तासभर काढा. प्रश्नोत्तरांच्या विभागात जाऊन तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या तारखेचे सलग २० प्रश्न घ्या. सलगच घ्या. ‘पॉप्युलर’ लावून पाहिलेत तर दुकानाच्या काचेत मांडलेला मालच दिसेल. कालचे प्रश्न नकोत, त्यांना उत्तर यायला अजून वेळच मिळालेला नसतो. कागदावर पाच रकाने आखा: उत्तर आले का, पहिले उत्तर किती तासांनी आले, देणारा कोण, उत्तरात कारण दिले होते का, आणि विचारणारा पुन्हा येऊन काही बोलला का.

माझा निकष असा: २० पैकी १६ प्रश्नांना उत्तर असावे आणि निम्म्यांना तरी ते २४ तासांच्या आत मिळालेले असावे. दहा किंवा जास्त प्रश्न तसेच लोंबकळत असतील तर पुढचे काही तपासायची गरज नाही. अधलामधला आकडा आला तर तिसरा रकाना बघा. सगळी उत्तरे एकाच कर्मचाऱ्याची असतील तर तो हेल्पडेस्क झाला. वाईट नाही, पण तो माणूस नोकरी सोडून गेला की सगळे थंडावते. उत्तरे देणाऱ्यांत दोन-तीन महिने आधी आलेले विद्यार्थी दिसत असतील तर फार चांगले, कारण लोक स्वतःचे काम झाल्यावरही तिथे थांबतात असा त्याचा अर्थ होतो. पाचवा रकाना बहुतेक जण बघतच नाहीत, माझ्या मते तोच सर्वांत बोलका. विचारणारा परत येऊन ‘जमले’ किंवा ‘नाही जमले, आता असे होतेय’ म्हणतो, तिथे शिकणे चालू असते.

उत्तराचा दर्जा कसा बघायचा, हे एका उदाहरणावरून सांगते. लेफ्ट जॉइन म्हणजे डाव्या टेबलाची प्रत्येक ओळ ठेवून तिला दुसऱ्या टेबलातल्या जुळणाऱ्या ओळी जोडणे. समजा कुणी विचारले: ‘ऑर्डर्सच्या टेबलला पेमेंट्सचे टेबल लेफ्ट जॉइन केले, तर ५०० च्या ६४० ओळी झाल्या आणि विक्रीची बेरीज फुगली. लेफ्ट जॉइनमध्ये डाव्या टेबलाइतक्याच ओळी येतात ना?’ ढिल्या कम्युनिटीत खाली येते ‘डिस्टिंक्ट लावून बघा’, मग ‘मलाही हाच प्रॉब्लेम’, मग दोन अंगठे. डिस्टिंक्टने (म्हणजे तंतोतंत सारख्या ओळी एकदाच दाखवायच्या आज्ञेने) कधी काहीच बदलत नाही, तर कधी आकडा योगायोगाने जुळतो आणि चूक आत तशीच राहते. चांगल्या ठिकाणी उत्तर येते ते साधारण असे: ‘एका ऑर्डरचे पैसे दोन-तीन हप्त्यांत आले असतील तर पेमेंट्समध्ये त्या ऑर्डरच्या तितक्या ओळी असतात आणि जॉइन प्रत्येकीसाठी डावी ओळ पुन्हा देतो. पेमेंट्सवर ऑर्डर आयडीने ग्रुप बाय करून काउंट एकपेक्षा जास्त असलेले आयडी काढ. तसे निघाले तर आधी पेमेंटची ऑर्डरवार बेरीज कर आणि मग जॉइन कर.’ दुसऱ्या दिवशी विचारणारा लिहितो: ‘९६ ऑर्डरींना एकाहून जास्त पेमेंट्स निघाली. बेरीज जुळली.’ कारण, ते पडताळायची युक्ती आणि दुरुस्ती असे तिन्ही त्या उत्तरात आहे. तुम्हाला विषय येत नसला तरी उत्तरात ‘का’ आहे की नुसते ‘हे करून बघा’ आहे, एवढे नक्की कळते.

दुसऱ्या दिवशी स्वतः प्रश्न टाका. खोटा नको, पाहिलेल्या धड्यातलाच खरा अडलेला प्रश्न. काय करायचे होते, काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय आले, या चार गोष्टी त्यात असू द्या. प्रश्न मोघम असेल तर उत्तर न आल्याचा दोष कम्युनिटीला देता येणार नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी टाका, सुट्टीच्या दिवशी सगळीकडेच शुकशुकाट असतो. त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाला, येत असेल तेवढे, उत्तर द्या. चुकीचे किंवा अर्धवट उत्तर दिल्यावर कुणी जाणकार येऊन ते सभ्यपणे दुरुस्त करतो का, हेही त्यातून कळते. चुकीचे उत्तर चार दिवस तसेच पडून राहत असेल, तर शिकवणारी मंडळी तिकडे फिरकत नाहीत असे धरून चाला.

मेंटॉरबद्दलचा (काम तपासणाऱ्या मार्गदर्शकाबद्दलचा) हिशेब मात्र साधे गणित आहे, तो घरी बसून करता येतो. ३० जणांच्या तुकडीने आठवड्याला एक असाइनमेंट दिली आणि मेंटॉरने प्रत्येक असाइनमेंटवर १५ मिनिटे खर्च केली, तर साडेसात तास होतात. अर्धवेळ मेंटॉरला एवढे झेपते. १०० जण असतील तर २५ तास. ३०० असतील तर ७५ तास, म्हणजे एका माणसाच्या आवाक्याबाहेर. तिथे मग चारपैकी एक काहीतरी होते: सगळ्यांना तीच तीन वाक्ये चिकटवली जातात, किंवा कोड आपोआप तपासला जातो, किंवा एआय बॉट अभिप्राय देतो, किंवा विद्यार्थीच एकमेकांचे काम तपासतात. आपोआप तपासणी क्वेरी बरोबर चालते का हे सांगायला उत्तम. पण काढलेला निष्कर्ष आकड्यांवर टिकतो का, हे ती सांगू शकत नाही. बॉट रात्री एक वाजता सिंटॅक्सची चूक दाखवायला कामी येतो, त्याला नाके मुरडायचे कारण नाही. फक्त ‘सरासरी ५ मिनिटांत उत्तर’ अशी जाहिरात असेल तर त्यात बॉटची उत्तरे धरली आहेत का, ते विचारा. सपोर्टला लेखी दोनच प्रश्न पाठवा: एका मेंटॉरकडे किती विद्यार्थी असतात, आणि असाइनमेंटवर माणसाने लिहिलेला अभिप्राय किती दिवसांत मिळतो. ‘आमची टीम सदैव तुमच्यासोबत आहे’ असे उत्तर आले तर बोलाचीच कढी समजा. आकडा आला, मग तो फारसा चांगला नसला तरी, त्या प्लॅटफॉर्मला माझ्याकडून एक गुण जास्त.

विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम तपासणे याला बरेच जण ‘स्वस्तातली सोय’ म्हणून हिणवतात. नीट आखले तर ती सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट आहे, कारण दुसऱ्याच्या कामातली चूक शोधताना निकष आपल्या अंगवळणी पडतात. पण ते नीट आखलेले क्वचितच असते. तपासण्याचा तक्ता मिळाला तर वाचा. ‘मांडणी चांगली आहे का? १ ते ५ गुण द्या’ असे लिहिले असेल तर सगळ्यांना चार मिळतात आणि कुणी काही शिकत नाही. ‘प्रत्येक आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकक लिहिले आहे का?’, ‘निष्कर्षातल्या एका वाक्याला आधार देणारा आकडा कुठल्या टेबलात आहे ते लिहा’, ‘गाळलेल्या ओळींचे कारण दिले आहे का?’ असे असेल तर तक्ता करणाऱ्याने हे काम आधी केलेले आहे. एका कामाला किमान तीन तपासणारे हवेत, म्हणजे एकाने हलगर्जीपणा केला तरी निभावते, आणि गुणांची सरासरी न घेता मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण) घेतलेला बरा. स्कॉट क्लेमर यांनी २०१२ मध्ये कोर्सेरावर शिकवलेल्या ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनच्या कोर्सात दुसऱ्यांचे काम हातात देण्याआधी शिक्षकांनी आधीच गुण दिलेल्या नमुन्यावर विद्यार्थ्यांकडून तपासणीचा सराव करून घेतला जाई. अशी सोय दिसली तर ती मंडळी विषय गांभीर्याने घेतात असे खुशाल समजा. एक अडचण जवळजवळ सगळीकडे येते: शेवटच्या क्षणी काम देणाऱ्यांना तपासणारेच मिळत नाहीत, कारण बाकीचे पुढच्या आठवड्यात गेलेले असतात. वेळेवर काम देणे तुम्हाला जमणार नसेल तर या सोयीचा तुम्हाला उपयोग नाही.

आता ते दहा हजार. सदस्यसंख्येत एकदा नाव नोंदवून परत न आलेले सगळे असतात, खोगीरभरतीच म्हणा. जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल ९०-९-१ चे गुणोत्तर मांडले: ९० टक्के फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, बहुतेक मजकूर १ टक्क्याचा असतो. मोठ्या खुल्या समूहांना ते ढोबळमानाने लागू पडते. छोट्या तुकडीत, जिथे काम देणे सक्तीचे असते, तिथे चित्र बरेच वेगळे दिसते. गप्प वाचणाऱ्यांत वाईट काही नाही, तेही शिकतात. पण तुमच्या उपयोगाचा आकडा म्हणजे गेल्या सात दिवसांत प्रश्न किंवा उत्तर लिहिणारी वेगवेगळी माणसे किती. स्क्रोल करून नावे मोजा. ४०-५० निघाली तरी एका विषयाला भरपूर आहेत. अभिनंदनाच्या पोस्ट, ‘हाय, मी नवीन’ आणि सर्टिफिकेटचे फोटो यांत धरू नका.

कोर्स पूर्ण करणाऱ्यांच्या टक्केवारीत मेख असते ती छेदात. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हालिएंते यांनी हार्वर्ड व एमआयटीच्या, एडएक्स या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरील कोर्सांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या सर्वांपैकी ३.१३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला, तर सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांपैकी ४६ टक्क्यांनी. कोर्स तेच, दोन्ही आकडे खरे. त्यामुळे तुमच्या प्लॅटफॉर्मने ‘९० टक्के कम्प्लिशन’ म्हटले तर विचारा: कशाच्या ९० टक्के? पैसे भरलेल्यांच्या, पहिली असाइनमेंट दिलेल्यांच्या, की शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकलेल्यांच्या? मागच्या तुकडीत पहिल्या आठवड्यात किती जणांनी काम दिले, चौथ्यात किती आणि शेवटचा प्रोजेक्ट किती जणांनी, हे तीन आकडे मागा. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत निम्मे गळाले असतील तर तुमच्या ग्रुपमधले पाच-सहा जण दोन-तीनवर येतील, आणि मग ग्रुपचे काम एकट्यानेच ओढावे लागते.

लाइव्ह सेशनचे फार लिहीत नाही. एका तासात शिकवणारा ५० मिनिटे बोलत असेल तर तो व्हिडिओच आहे, फक्त वेळेचे बंधन असलेला. चार-पाच जणांच्या खोल्या करून, आधी करून आणलेल्या कामावर १५-२० मिनिटे चर्चा होत असेल तर हजर राहण्यात अर्थ आहे. एक सेशन गाठा आणि घड्याळ लावून बघा.

गुण, लेव्हल, लीडरबोर्ड यांच्याकडे जरा सावधपणे पाहा. स्कूल नावाच्या प्लॅटफॉर्मवर, उदाहरणार्थ, इतरांनी तुमच्या पोस्टला लाइक दिले की तुमचे गुण वाढतात, गुणांवर लेव्हल ठरते, आणि काही कोर्स ठरावीक लेव्हलनंतरच उघडतील अशी अट लावता येते. लाइक कशाला मिळतात? यशाच्या पोस्टला. ‘तीन तास झाले, क्वेरी चालत नाही’ या पोस्टला मिळत नाहीत. म्हणजे गुण लाइकवर असतील तर लोक अडचणी लपवायला शिकतात. उत्तर ‘सोडवले’ म्हणून मान्य झाल्यावर गुण मिळत असतील तर तीच गुणांची युक्ती उपयोगी पडते.

कम्युनिटी कुठल्या साधनावर चालते यावरही बरेच ठरते. नुसत्या चॅटवर असेल तर गप्पा जिवंत वाटतात, पण मागच्या महिन्यातले उत्तम उत्तर पुराखाली जाते आणि तोच प्रश्न दर आठवड्याला नव्याने विचारला जातो. स्लॅक या चॅट अ‍ॅपच्या मोफत प्लॅनमध्ये तर फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात, म्हणजे आधीच्या तुकडीचे ज्ञान तुमच्यापर्यंत पोचतच नाही. डिस्कोर्ससारख्या, विषयवार धागे असलेल्या साधनावर उत्तराला ‘सोल्यूशन’ म्हणून खूण करता येते आणि शोधही चांगला चालतो. तपासायला सोपे आहे: कोर्समधले तीन शब्द, म्हणजे ‘लेफ्ट जॉइन’, ‘नल’, ‘पिव्होट’, सर्चमध्ये टाका. जुनी, सुटलेली उत्तरे वर आली तर साठा आहे. ‘नमस्कार मंडळी’ वर आले तर नाही.

ट्रायलमध्येच बाहेर पडायची वाटही बघून ठेवा. वर्गणी संपल्यावर तुमचे प्रोजेक्ट आणि त्यांवरचे अभिप्राय डाउनलोड करता येतात का? तुमचे प्रोफाइल आणि पोस्ट सर्च इंजिनला दिसतात का? नोकरीच्या ठिकाणचा डेटा प्रोजेक्टसाठी वापरणार असाल तर हा प्रश्न गंभीर आहे. नावे-आकडे बदललेलाच डेटा टाका. ‘लाइफटाइम अ‍ॅक्सेस’ म्हणजे प्लॅटफॉर्म चालू असेपर्यंत, तुमच्या आयुष्यभर नव्हे. आणि खाते उघडल्यावर दोन दिवसांत अनोळखी लोकांचे ‘करिअर कोचिंग’ विकणारे मेसेज येऊ लागले, तर तिथे मॉडरेशन नाही. तक्रार करून बघा, दखल घ्यायला किती वेळ लागतो तेही कळेल.

निकाल संमिश्र आला तर वर्षाचे एकदम भरू नका. महिन्याचा प्लॅन यादीत दिसत नसला तरी सपोर्टला विचारा, मागितल्यावर पुष्कळदा मिळतो. तो महाग पडला तरी दोन महिन्यांत तुमच्या दोन-तीन असाइनमेंटवर खरा अभिप्राय आला की नाही हे स्पष्ट होते. वार्षिकच घ्यावा लागला तर ट्रायल संपण्याच्या आदल्या दिवसाची आठवण फोनमध्ये लावा आणि ऑटो-रिन्यूअल खाते उघडल्या दिवशीच बंद करता येते का ते बघा. परताव्याची अट शब्दन् शब्द वाचा: ‘१४ दिवसांत परतावा’ हे दिवस पैसे भरल्यापासून मोजतात की तुकडी सुरू झाल्यापासून? पैसे आज भरले आणि तुकडी तीन आठवड्यांनी सुरू होणार असेल, तर पहिली असाइनमेंट हातात येण्याआधीच परताव्याची मुदत संपलेली असते. तसे असेल तर तुकडी सुरू व्हायच्या आठवड्यातच पैसे भरा, किंवा मुदत सुरुवातीच्या तारखेपासून धरू असे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.